वाटेवरचा खाऊ

२७ एप्रिल, रविवार

बोटीवर असताना रोज लिहायची सवय होती, पण ते सगळं साठ्याचं. किती पीठ उरलं, कुठल्या डब्याची तारीख उलटली, बर्फातली कोंबडी किती दिवस पुरेल. अठ्ठावीस वर्षं स्टुअर्ड म्हणून तेच केलं. घरी येऊन दोन वर्षं झाली आणि हाताला काम नाही. आज समरीनकडून, म्हणजे मुलीकडून, एक कोरी वही मागून घेतली. नसीमाच्या औषधपाण्याचं लिहीन म्हटलं. औषधाच्या दोन ओळी आणि माझीच बडबड पानभर, असं होणार हे आत्ताच दिसतंय.

तर औषधाचं आधी. रक्तदाबाने नसीमाच्या दोन्ही किडन्या गेल्या. कोल्हापूरला पंधरा दिवस काढले, मानेत नळी बसवली. आता दर सोमवारी आणि गुरुवारी रत्नागिरीला डायलिसिस. राजापुरातून सकाळची एसटी, लांज्याला दहा मिनिटं थांबते, मग पाली, हातखंबा, रत्नागिरी. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी निघताना मला तीन गोष्टी सांगितल्या. मीठ कमी, पाणी दिवसाला एक लिटर, पाकिटातलं खाणं बंद. बाकीचं रत्नागिरीच्या सेंटरवर समजावतील म्हणाले. नीट पाळलं तर दहा-दहा वर्षं काढतात माणसं, असंही म्हणाले.

मला ती दहा वर्षं हवी आहेत. बोटीवरच्या अठ्ठावीस वर्षांत आम्ही नवरा-बायको पाच वर्षंही एका छपराखाली राहिलो नसू. खाण्यापिण्याचं खातं मी माझ्याकडे घेतलं. त्यातलं मला कळतं.

२८ एप्रिल, सोमवार

पहिली फेरी. आम्ही चौघं. मी, नसीमा, समरीन आणि समरीनची महरीन. जावई कतारला असल्यामुळे मायलेकी आमच्याकडेच असतात. महरीन आठ वर्षांची, शाळेला सुट्टी, त्यामुळे एसटीतून जाणं म्हणजे तिला सहलच.

लांज्याला पोरीने वेफरचा हट्ट धरला. मी खाली उतरलो, चष्मा लावला आणि पाकीट वाचायला घेतलं. मीठ, पामतेल, अमुक नंबरचा रंग, तमुक नंबरची चव. दुसरं घेतलं, तेही तसंच. भाजलेल्या चण्यांनासुद्धा मीठ चोळलेलं. स्टॉलवाला म्हणाला, "चाचा, घ्यायचा हाय की नुसता वाचायचा हाय?" मी म्हटलं, "बाबा रे, वाचल्याशिवाय मी बोटीवर कप्तानालाही काही खायला दिलं नाही." शेवटी केळी घेतली. घरून खजूर आणला होताच, जावयाने पाठवलेला, मऊ आणि गोड.

सेंटरमध्ये चार तास लागतात. आत सोडत नाहीत, काचेतून बघायचं. मशीनपुढे नसीमा एवढीशी दिसते. मी बाहेर जाऊन कोवळं शहाळं शोधून आणलं. कोकणात आजाऱ्याला शहाळं नाही द्यायचं तर काय द्यायचं? ती बाहेर आली तेव्हा तिच्याबरोबर तिथली राजश्री नावाची मुलगी होती, मशीन तीच बघते. नसीमाच्या हातात एक छापील कागद होता. मला शहाळं घेऊन उभा बघून दोघी थांबल्या. नसीमा हसायला लागली. कागद घडी करून तिने पर्समध्ये टाकला आणि शहाळं हातात घेतलं.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी सांगता तेच. मीठ कमी, पाकिटातला बंद."

दोन घोट घेऊन तिने बाकीचं महरीनला दिलं. एक लिटरच्या हिशेबात शहाळं धरायचं नाही, हेही मी तिला सांगून ठेवलं. ते पाणी नव्हे, औषध.

१ मे, गुरुवार

आज एसटीत नसीमा फार बोलली. एरवी तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खडकातून पाणी. समरीन लहान असताना ती याच गाडीने रत्नागिरीला जायची, कधी बँकेत, कधी माझे कागद घेऊन. लांज्याला गाडी थांबली की बाकीच्या बायांचे नवरे खाली उतरायचे आणि खिडकीतून वडे, भजी आत द्यायचे.

"मी आपली पोरीला मांडीवर घेऊन बघत बसायची," ती म्हणाली. "मना वाटायचा, एक दिस आपल्याला पण कोणी खिडकीतून काय तरी दिल."

हे तिने कधी सांगितलं नव्हतं. मी लगेच खाली उतरलो आणि शहाळ्याचं पाणी बाटलीत भरून घेतलं, वर केळी. खिडकीतून तिच्या हातात दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि शेजारच्या बाईकडे असं बघितलं, जणू तिला दाखवायचंच होतं.

नसीमाचं एक आहे. माझ्या हातची वस्तू तिने आजवर नको म्हटली नाही. आमच्याकडे बोटीवर जाणाऱ्यांच्या सगळ्याच घरांत हे असंच. माणूस दोन महिन्यांसाठी येतो, पेटी उघडतो, त्यातून जे निघेल ते छान. मी तिला सिंगापूरहून चपला आणायचो. समरीनने परवा सांगितलं की त्या सगळ्या एक नंबर लहान असायच्या. अम्मी मी असेपर्यंत घालायची आणि बोट सुटली की शेजारणीला द्यायची. मी म्हटलं, मग बोलली का नाही? समरीन म्हणाली, "अब्बा, तुमी किती खुशीने आणायचाव." मला हसू आलं. अशी आहे ती.

५ मे, सोमवार

आज चोर पकडला. लांज्यापासून मी नसीमाला आठ खजूर दिले होते. सेंटरवर महरीन माझ्या शेजारी बसली तेव्हा फ्रॉकच्या खिशात काहीतरी टोचलं. बघतो तर सहा बिया. केळ्याची साल पण तिच्याच पिशवीत. बाटलीतलं शहाळंही हिनेच संपवलं असणार.

"कोणाचा खाऊ होता हा?" मी विचारलं. पोरगी खाली मान घालून बसली. आठ वर्षांची झाली, आजारी नानीच्या तोंडचा घास काढते. मी थोडा रागावलो.

नसीमाला परतताना सांगितलं, तर ती म्हणे, "पोर हाय. खाऊ दे तिला." ही सगळ्यांना असंच लाडावते. तिला स्वतःला मात्र काही खायला नको. पाय जड झालेत म्हणते. पोटात काही गेलं नाही तर दुसरं काय होणार.

८ मे, गुरुवार

आज राजश्री बाहेर आली आणि म्हणाली, "चाचा, चाची खाण्याचं पाळतात ना?"

मी म्हटलं, "बाहेरचं एक पाकीट तिच्या तोंडात जात नाही. सगळं ताजं, आपल्या मातीतलं. मी स्वतः बघतो."

"छान," ती म्हणाली. "या वेळचा रिपोर्ट थोडा वर आहे म्हणून विचारलं. आणखी जपा." आतून तिला कोणीतरी हाक मारली आणि ती गेली. फार काम असतं त्या मुलीला, सहा मशीनं आणि हात दोन.

नसीमाला विचारलं, काय वाढलंय? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मीठ."

मी चकित. घरात समरीन माशाला मीठ दाखवते फक्त, बांगडा खाताना आपण पुठ्ठा चावतोय असं वाटतं. मग मीठ आलं कुठून? विचार करता करता लक्षात आलं. चांगलं अन्न पोटात गेलं तर वाईट बाहेर पडणार. हिच्या पोटात चांगलं जातच नाही, सगळं ती पोरगी फस्त करते. राजापूर येईपर्यंत माझं ठरलं.

१० मे, शनिवार

घरात आज रडारड झाली आणि ती माझ्यामुळे झाली हे कबूल करतो.

जेवताना मी सांगितलं की सोमवारपासून महरीन येणार नाही. ती घरी म्हणजे समरीनही घरी, आम्ही दोघंच जाऊ. महरीन भोकाड पसरून रडली. "मना येऊ दे, मना नानीबरोबर जायचंय," एवढंच. तिला वाटतं एसटीची मजा जाईल. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तू नानीचं सगळं खाऊन टाकतेस. तिच्या पोटात काही जात नाही, म्हणून नानी बरी होत नाही."

पोरगी एकदम गप्प झाली. रडणं असं बंद झालं की मलाच कसंतरी वाटलं. समरीन तिला उचलून आत घेऊन गेली आणि माझ्याशी नंतर बोलली नाही.

नसीमा मात्र बोलली. ती एवढा आग्रह कधी धरत नाही. "येऊ दे तिला. पोर असली की मना बरा वाटता." दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदाही म्हणाली. मी म्हटलं, बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. मग तिने विषय सोडला. एवढं कडक बोलायला नको होतं हे मला कळतं, पण घरात एकाने तरी वाईटपणा घ्यायलाच लागतो.

१२ मे, सोमवार

आज आम्ही दोघंच. लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि दोघांनीच मिळून केलेला हा पहिला प्रवास, असं माझ्या लक्षात आलं. नसीमाला सांगितलं तर ती लाजली. या वयात.

लांज्याला बाटली भरून घेतली आणि खिडकीतून दिली. ती म्हणाली, "आज नको."

"का?"

"नको वाटता. तुमी प्या."

मला खरंच वाईट वाटलं. एवढ्या उन्हात माणूस धावतपळत जातो, शहाळेवाल्याला बाटली विसळून घ्यायला लावतो, गाडी सुटेल म्हणून जीव वर-खाली होतो, आणि ही म्हणते नको. बाटली मांडीवर ठेवून समोर बघत बसलो. पालीपर्यंत आम्ही बोललो नाही. पालीच्या पुढे तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"द्या," ती म्हणाली. "रागावू नका. द्या ती."

आणि सगळी संपवली. मला खात्री पटावी म्हणून बाटली उलटी धरून दाखवली. दोन केळीही खाल्ली. आठही खजूर खाल्ले, बिया मी माझ्या हातात घेतल्या. किती दिवसांनी तिला पोटभर खाताना बघितलं. संध्याकाळी परतताना तिला हुशारी होती, एसटीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. हे मी आधीच करायला हवं होतं.

१५ मे, गुरुवार

सकाळी निघताना तिचे पाय उचलत नव्हते. एसटीची पायरी चढताना कंडक्टरने हात दिला. ओठांना मुंग्या येतात म्हणाली. अशक्तपणा. लांज्याला मी दोन बाटल्या भरून घेतल्या. आज नको म्हणाली नाही. बाटली तोंडाला लावण्याआधी तिने मला विचारलं, "महरीन काय करत असल आता?" मी म्हटलं, सुट्टी आहे, झोपली असेल.

मशीनवरून उतरल्यावर एकदम ताजीतवानी. दर वेळी असंच होतं. शहाळ्याचा गुण चार तासांनी येतो बहुतेक.

१८ मे, रविवार

नसीमाचं आज बरं नाही. हातातला कप पडला. छातीत मधूनच मासा उलटल्यासारखं होतं म्हणाली. उद्या जायचंच आहे, राजश्रीला सांगू म्हटलं. आमच्या माडाची दोन शहाळी काढून घेतली, थोडं थोडं करून दिवसभर पाजली. दर तासाला एक खजूर.

ती महरीनला हाका मारत होती. "महरीन, ये गो, माझ्याजवळ बस." पोरगी दाराशी यायची, माझ्या हातातली वाटी बघायची आणि मागे फिरायची. चार वेळा बोलावलं, पण आत आली नाही. शहाणी झाली, आता मागत नाही.

२३ मे, शुक्रवार

सोमवारी नसीमा गेली.

पालीच्या पुढे. बाटली अर्धी झाली होती. "जरा धरा" म्हणाली आणि बाटली माझ्याकडे दिली. मी टोपण लावत होतो. टोपण लावून बघितलं तर मान खिडकीला टेकलेली. मला वाटलं झोप लागली. हातखंब्याला हलवून बघितलं. ड्रायव्हरने गाडी कुठेही न थांबवता सरळ दवाखान्यात नेली. सगळे प्रवासी गप्प बसून होते, एकानेही मला मध्ये उतरव म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, या आजारात होतं असं.

त्याच दिवशी संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर दफन केलं. काल जियारत झाली, तिच्यासाठी दुआ मागितली. माणसं येतात, बसतात, जातात. सगळे माझ्याबद्दल एकच बोलतात. गफूरने बायकोचं फार केलं. बोटीवरून आला तो तिच्या उशाशीच बसला. समरीन बायकांना सांगत होती, "अब्बांनी अम्मीला वाटेवरचं वाईट काही खाऊ दिलं नाही." आतून ऐकू आलं आणि दुःखातही मला थोडं बरं वाटलं. हे लिहितो कारण ते खरं आहे.

दहा वर्षं मागितली होती, तीन आठवडे मिळाले.

२ जून, सोमवार

सोमवार म्हणून पाय आपोआप स्टँडवर गेले. सेंटरवर तिची फाईल राहिली होती, ती आणायची असं निमित्त होतं. लांज्याला मी खाली उतरलो नाही.

राजश्री मला बघून बाहेर आली. डोळे भरले होते तिचे. मी म्हटलं, "बाळ, तुम्ही सगळ्यांनी केलंत तिचं. मीही केलं. शेवटच्या दिवशीसुद्धा अर्धी बाटली शहाळं पोटात होतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "शहाळं?" म्हणाली.

मी सांगितलं. दोन बाटल्या, केळी, खजूर. अभिमानाने सांगायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा बघून मध्येच थांबलो. तिने मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू बोलली. किडनी बंद असली की शहाळं, केळी, खजूर यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही. रक्तात साठतं. पाय जड होतात, ओठांना मुंग्या येतात, आणि फार वाढलं की हृदय थांबतं. वेफर वाईटच, पण तिच्यासाठी त्याहून वाईट मी खिडकीतून देत होतो.

"पण तिला कोणी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं चाचा. कागद दिला, मी स्वतः वाचून दाखवला. बाहेर आलो तर तुम्ही शहाळं घेऊन उभे. मी तुम्हाला सांगणार होते. चाचींनी माझा हात दाबला. म्हणाल्या, 'आज नको सांगू. तीस वर्षांनी माझा माणूस माझ्यासाठी काय तरी घेऊन उभा हाय. मी बघते कसा करायचा ते.' दुसऱ्या खेपेला विचारलं तर म्हणाल्या, सांगितलं त्याला, आणत नाही आता." ती रडायला लागली. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं. त्या दिवशी विचारलंही, पण नीट नाही विचारलं."

त्या दिवशी मी तिला काय उत्तर दिलं होतं ते मला आठवतंय. ते याच वहीत आहे. मागे जाऊन वाचायची हिंमत नाही.

५ जून, गुरुवार

कोणाला सांगितलेलं नाही. आज जमातीतले दोघं येऊन गेले. पुन्हा तेच, गफूर, तू फार केलंस. मी मान हलवली. नाही म्हणायला तोंड उघडत नाही. अठ्ठावीस वर्षं डब्यांवरच्या तारखा वाचत आलो, कागद वाचल्याशिवाय कुणाला काही दिलं नाही, आणि घरात बायकोच्या पर्समध्ये कागद होता तो बघितला नाही.

तिच्यावर राग येतो. एकदा बोलायचं होतं. मी रागावलो असतो, पालीपर्यंत काय, राजापूरपर्यंत गप्प बसलो असतो. मग घरी येऊन मुकाट्याने वाचलं असतं. माझ्या रागाला ती एवढी का भ्यायली? की भीती नव्हतीच ती? रागही धड येत नाही, मध्येच तिचा बाटली उलटी धरलेला हात दिसतो.

९ जून, सोमवार

ईद परवा झाली. आम्ही काही केलं नाही, शेजाऱ्यांनी वाटा पाठवला.

समरीन आज म्हणाली, महरीन जेवत नाही. जेवायला बसते, पण ताटातलं बरोबर अर्धं ठेवते. भाकरी मोडते, अर्धी खाते, अर्धी बाजूला. शेजाऱ्यांनी दिलेली शेवई पण अर्धीच. विचारलं तर म्हणते, "उरला पायजे." गालफडं बसलीत पोरीची. समरीनला वाटतं नानीच्या आठवणीने होतंय, शाळा सुरू झाली की ठीक होईल.

मला तसं वाटत नाही. मी तिला काय बोललो होतो ते मला माहीत आहे.

१० जून, मंगळवार

आज दुपारी महरीन मागल्या दारी पायरीवर बसून जेवत होती. समरीन आत भांडी घासत होती. मी जाऊन पोरीशेजारी बसलो. अर्धी भाकरी तिने ताटाच्या कडेला ठेवली होती.

"ती खा," मी म्हटलं.

तिने मान हलवली.

"का नको?"

तिने भाकरी बोटाने आणखी कडेला सारली. मग ताटाकडे बघत म्हणाली, "मी नानीचा खाल्लंय. म्हणून नानी गेली. तुमीच म्हणलाव."

मी विचारलं, "तू नानीचं का खायचीस? खरं सांग. मी रागावणार नाही."

"नानी म्हणाली, सांगायचा नाय."

"आता चालेल."

"नानी म्हणायची, नाना किती लांबून आणतात. त्यांना दिसल असा मी थोडा पिते, बाकीचा तू संपव. आपला खेळ हाय. मना केळी आवडत पण नाय, नाना. तरी मी खायची."

मी पायरीला धरून बसलो. इथे गप्प बसायचीही सोय होती. पोर आहे, हळूहळू विसरेल, जेवायला लागेल. लोक मला चांगलं म्हणत राहिले असते. पण ती अर्धी भाकरी माझ्यासमोर होती.

मी तिला सांगितलं. नानीच्या आजारात ते सगळं चालत नव्हतं. शहाळं नाही, केळं नाही, खजूर नाही. नानीला माहीत होतं, नानाला माहीत नव्हतं. तू खात होतीस म्हणून ते नानीच्या पोटात जात नव्हतं. तू येत होतीस तोवर नानी ठीक होती. नानी तुझ्यामुळे गेली नाही, नानाच्या हातून झालं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मग मना घरी का ठेवलाव?"

"मला कळलं नाही, बाळा. मला वाटलं, मी चांगलं करतोय."

तिने हे मनात फिरवलं. मला वाटलं, आता खाईल. पण तिने विचारलं, "मी तुमाला खेळाचा सांगितला असता, तर नानी ऱ्हायली असती?"

याची मी तयारी केली नव्हती. एक ओझं उतरवायला गेलो आणि तिने दुसरं स्वतःच उचललं. मी तिचे दोन्ही हात धरले, खरकट्यासकट.

"नाही," मी म्हटलं. "तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. राजश्रीने सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. मी कोणाचं ऐकत नाही, नानीला विचार." बोलून गेल्यावर लक्षात आलं की नानी नाही.

हे खरं आहे की खोटं, मला ठाऊक नाही. महरीनने एकदा जरी सांगितलं असतं तरी मी त्याच दिवशी शहाळं फेकून दिलं असतं, असंही मला वाटतं. पण ते तिला कधी कळता कामा नये. म्हणून ते फक्त इथे लिहितो आणि ही वही उद्या चुलीत घालणार आहे.

महरीन म्हणाली, "नानी पण म्हणायची, नाना ऐकत नाय." मग तिने ताट जवळ ओढलं आणि उरलेली भाकरी खायला लागली. हळूहळू, शेवटपर्यंत.

आतला भांड्यांचा आवाज कधीच थांबला होता. मागे बघितलं तर समरीन दारात उभी होती, हात राखेने भरलेले. तिने किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. ती पायरीवरून खाली आली, महरीनचं रिकामं ताट उचललं, तिचं तोंड पुसलं आणि तिला घेऊन आत गेली. दुपार उतरली, असरच्या नमाजची अजान होऊन गेली. ती अजून माझ्याशी बोललेली नाही, आणि मी आत जाऊन बसण्याचं धाडस केलेलं नाही.